मी एकदाच खोटा वाजलो

मित्रांनो, कानांवरचे हात खाली घ्या. मी वाजणार नाहीये. निदान ही गोष्ट सांगून होईपर्यंत तरी नाही.

मी एक जुना भोंगा आहे. नगरपालिकेच्या सभागृहात, अध्यक्षांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला, एका लाकडी चौथऱ्यावर मला बसवलं आहे. सभेला येणारी माणसं माझ्या डोक्यावर टोप्या ठेवतात, माझ्या हँडलला छत्र्या अडकवतात. एका सदस्याने तर एकदा ओला रुमाल वाळत घातला होता. माझा नुसता संताप होतो, पण सांगू कुणाला? दुसऱ्याने हँडल फिरवल्याशिवाय माझ्या घशातून हूं की चूं निघत नाही. एवढं मोठं तोंड दिलं, पण ते उघडायचं दुसऱ्याच्या मर्जीने. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची वर्गात अशीच गत होत असेल म्हणा.

माझा जन्म पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. पंपांसाठी वितळवलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थोडं उरलं होतं, त्यातून मला ओतलं. माझ्या पोटात पात्यांचं एक चक्र आहे. हँडल फिरवलं की चक्र हवा ओढतं आणि अंगावरच्या खिडक्यांतून बाहेर फेकतं, तोच माझा आवाज. जोरात फिरवलं की तो चढतो, हात सैल सोडला की उतरतो. खिडक्यांवर एक झडप आहे. दांडी ओढली की झडप उघडते, सोडली की एक छोटी स्प्रिंग तिला फटकन मिटवते आणि आवाज मधेच कापला जातो. ती स्प्रिंग बोटाएवढी आहे. माझ्या अख्ख्या देहातली सगळ्यात स्वस्त वस्तू. तिला जरा लक्षात ठेवा.

आमचं शहर नदीपेक्षा खाली आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण आहे खरं. नदी आणि शहर यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध आहे, बांधावर पंपघर आहे, आणि पंपघराच्या गच्चीवर मी होतो. नदी चढली की शहराला जागं करायचं, एवढंच माझं काम. मला हे काम फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, मी जरा ताठ्यातच असायचो.

तेव्हा पंपघर आबांकडे होतं. आबा म्हणजे पंप चालवणारे, बांधावर रोज चालत जाऊन उंदरांची बिळं बुजवणारे आणि मला वाजवणारे. त्यांनी माझी भाषा ठरवली. तीन तुकडे आणि मध्ये शांतता, पुन्हा तीन तुकडे, याचा अर्थ पूर येतोय, सगळं सोडा आणि पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर चढा. आणि एक लांब, न तुटणारा आवाज म्हणजे पाणी उतरलं, संकट टळलं, घरी जा. वर्षातून एकदा सराव व्हायचा. आठ दिवस आधी घरोघर चिठ्ठ्या वाटल्या जायच्या. मग तीन तुकडे वाजले की अख्खं शहर टेकडी चढायचं. शिंपी गळ्यातल्या टेपसकट, आचारी हातातल्या डावासकट. न्हावीकाका तर अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकाला तसंच फेसासकट घेऊन यायचे आणि उरलेली अर्धी टेकडीवर उरकायचे.

आबांचा एक कडक नियम होता. त्यांची मुलगी गच्चीवर खेळायला यायची, तिला ते बजावून सांगायचे, "हे बघ पोरी, भोंगा कधी खोटा वाजवायचा नाही. चेष्टेत नाही, रागात नाही, कुणी पाया पडलं तरी नाही. एकदा खोटा वाजला की पुढे कोण ऐकेल त्याचं?"

आबांच्या काळात दोनदा खरा पूर आला. घरांत गुडघाभर पाणी शिरलं, गाद्या भिजल्या, कोंबड्या वाहून गेल्या. माणूस एकही गेलं नाही. सगळे टेकडीवर होते.

मग आबांची ती मुलगी मोठी झाली, पंपांचं काम शिकली आणि आबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागेवर लागली. सगळे तिला पंपवाल्या ताई म्हणू लागले. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं.

युद्ध आमच्यापासून फार लांब होतं, पण त्याचे कागद लगेच आले. पहिल्या कागदात माझ्यासाठी नवी भाषा होती. शत्रूची विमानं आली तर आवाज हेलकावत ठेवायचा, वर-खाली, वर-खाली. तो ऐकला की लोकांनी तळघरात जायचं. लांब आवाज झाल्याशिवाय कुणीही बाहेर यायचं नाही. दुसऱ्या कागदात लिहिलं होतं की पुराचा सराव तूर्त बंद, कारण लोकांचा गोंधळ उडेल. तिसऱ्या कागदाबरोबर तोफ आली.

तोफ विमानं पाडायची होती. तिला ठेवायला उंच जागा हवी, म्हणून ती आमच्या बांधावर आली. बांधाच्या माथ्यावर तिच्यासाठी खोल खड्डा खणला, आणि त्यातूनच निघालेली माती पोत्यांत भरून भोवती रचली. बांधाची देखभाल करणाऱ्या इंजिनियर बाई धावत आल्या. त्यांच्या चपलेचा एक अंगठा तुटला होता, ती चप्पल हातात धरूनच त्या तोफेबरोबर आलेल्या अधिकाऱ्याशी भांडल्या.

"अहो साहेब, ही मातीची भिंत आहे. भिंतीत असं कपाट कोरलं तर नदी काय गप्प बसणार आहे का?"

"युद्ध आहे, बाई," अधिकारी म्हणाले.

मित्रांनो, ही दोन अक्षरं पुढे सहा वर्षं मी ऐकली. बरं, दोन नाहीत, मोजत बसू नका, पण तेवढंच छोटं वाक्य होतं ते. बांधाला दरवर्षी लागणारी माती आणि दगड का आले नाहीत? युद्ध आहे. शाळेच्या गळक्या छपराचं काय? युद्ध आहे. दवाखान्यातली दुसरी नर्स कुठे गेली? युद्ध आहे. ताईंच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा एकच नर्स होती आणि ती दुसऱ्या बाळंतिणीकडे होती. शेवटी आबांनी पाणी तापवलं आणि शेजारणीने बाळ हातात घेतलं. नशीब बलवत्तर म्हणून दोघी वाचल्या. त्या बाळाला सगळे चिमी म्हणू लागले.

चिमी चालायच्या आधी तळघरात जायला शिकली. मी हेलकावे द्यायला लागलो की रांगत जिन्याकडे निघायची. मोठी झाल्यावर तिचा खेळही तोच. तोंडाने "ऊंऊंऊं" करायची आणि बाहुल्यांना पटापट टेबलाखाली कोंबायची. बाहुल्यांना टेकडी माहीतच नव्हती.

सहा वर्षांत मी दोनशेहून जास्त वेळा वाजलो. लख्ख ऊन पडलं, आभाळ निरभ्र असलं की लोकांची पाचावर धारण बसायची, कारण विमानं अशाच दिवशी यायची. बायका कपडे वाळत घालताना एक डोळा वर ठेवायच्या. मी कण्हायला लागलो की हातातलं हातात, पानातलं पानात टाकून सगळे तळघराकडे धूम ठोकायचे. आधी आधी लोक आवाज ऐकून ओळखायचे. नंतर नंतर मी नुसता घसा साफ केला तरी पाय आपोआप खाली वळायचे.

आणि एक गोष्ट ऐका. त्या सहा वर्षांत आमच्या शहरावर एकही बॉम्ब पडला नाही. एकही नाही. विमानं आमच्यावरून दुसऱ्याच कुणाच्या तरी घरांकडे जायची. तिथल्या भोंग्यांचं काय झालं, मला माहीत नाही. मी त्यांचा विचार करायचो.

तिसऱ्या वर्षी माझी स्प्रिंग तुटली. ताई ती मुठीत घेऊन नगरपालिकेच्या भांडारात गेल्या. भांडारातला कारकून हसला. म्हणाला, "ताई, देशातल्या सगळ्या स्प्रिंगा सध्या बंदुकांत बसतायत. आणि तुम्हाला झडप हवीच कशाला? हेलकावे देता येतात ना? लांब वाजवता येतं ना? मग झालं तर."

ताईंनी तारेने झडप कायमची उघडी बांधून टाकली. तुटलेली स्प्रिंग मात्र फेकली नाही. ती त्यांच्या पर्समध्ये, बसच्या जुन्या तिकिटांच्या गर्दीत पडून राहिली. मी तेव्हा फार तक्रार केली नाही. मलाही वाटलं, चालतंय की.

अखेर युद्ध संपलं. म्हणे आपण जिंकलो. त्या दुपारी तोफेने उरलेसुरले गोळे आनंदाने हवेत उडवले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती मनापासून वाजली. लोक टाळ्या पिटत होते. इंजिनियर बाई माझ्याशेजारी गच्चीवर उभ्या होत्या. त्या ताईंना म्हणाल्या, "हे जे आत्ता धूर होऊन गेलं ना, तेवढ्यात आपला खड्डा भरून वर दगड बसले असते."

"आता युद्ध संपलं. आता देतील की," ताई म्हणाल्या.

तोफ ओढून नेली. खड्ड्यावर फळ्या टाकल्या. बाईंनी अर्ज केला, उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. चौकात मात्र काळ्या दगडाचं स्मारक उभं राहिलं आणि लढाईत गेलेल्यांची नावं त्यावर कोरली गेली. ती पोरं आमचीच होती, त्यांची नावं कोरायलाच हवी होती. पण बांधाला उरलं काही नाही. आबा आता काठी टेकत चालायचे, तरी रोज बांधावर यायचे. फळ्यांवर काठी आपटून म्हणायचे, "पोकळ वाजतंय गं पोरी. पोकळ वाजतंय."

युद्ध संपून दीड वर्ष झालं होतं, तेव्हाचा तो दिवस.

सकाळचे पावणेअकरा. लख्ख ऊन. आमच्याकडे पावसाचा टिपूस नव्हता. पण वरच्या डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळत होता आणि ते सगळं पाणी आमच्याकडे निघालं होतं. इंजिनियर बाई पहाटेपासून चार मजूर घेऊन बांधावर होत्या. अचानक त्या खड्ड्याजवळून ओरडल्या. बांधाच्या शहराकडच्या बाजूने गढूळ पाण्याचे बुडबुडे यायला लागले होते.

"ताई, वाजवा! तीन तुकडे! अर्धा तास आहे, फार तर! आम्ही पोती टाकतो!"

ताई जिना चढून आल्या, एका हाताने झडपेची दांडी ओढली, दुसऱ्याने हँडल धरलं आणि फिरवायला लागल्या. मी चढलो. त्यांनी सवयीने झडपेची दांडी सोडली. झडप मिटली नाही. ती तारेने बांधलेली होती, आणि तार सोडली तरी स्प्रिंगशिवाय ती मिटणार नव्हती.  त्यांनी हात सैल सोडला, पण चक्राला एकदा वेग आला की ते पटकन थांबत नाही. माझा आवाज कापला गेलाच नाही, नुसता खाली उतरला. त्यांनी पुन्हा फिरवलं, मी पुन्हा चढलो. पुन्हा उतरलो.

मी जीव तोडून तीन तुकडे म्हणत होतो, मित्रांनो, पण माझ्या तोंडून निघत होते हेलकावे. वर-खाली. वर-खाली.

गच्चीवरून सगळं शहर दिसायचं. रस्त्यावरचे लोक थबकले. सगळ्यांनी आधी वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं. मग ते पळाले, आणि सगळे खाली पळाले. दुकानांची फळकुटं धडाधड पडली. आया पोरांना काखेत मारून तळघरांत उतरल्या. युद्ध संपलंय, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शाळेच्या अंगणात मुलं खेळत होती. त्यांच्या गणिताच्या बाईंनी शिट्टी वाजवली. दोनदोनची सुरेख रांग झाली, कुणी ढकलाढकली केली नाही. चव्वेचाळीस मुलं शाळेच्या तळघरात उतरली आणि दार बंद झालं. त्यांत आमची चिमी होती. आणि शाळा तर शहराच्या सगळ्यात खोलगट भागात.

टेकडीच्या वाटेवर कोण होतं? सातआठ म्हातारी माणसं. त्यांना माझी जुनी भाषा येत होती. फाटक्या आवाजातूनही त्यांनी ती ओळखली होती. सगळ्यांत पुढे न्हावीकाका होते आणि त्यांच्या मागे काठी टेकत एक पांढरा सदरा चढत होता. ते आबा होते.

ताई धावत खाली गेल्या. शाळेला फोन लावला. तो वाजत राहिला. उचलणार कोण, सगळे तळघरात. त्या पुन्हा वर आल्या. शाळा सायकलने वीस मिनिटांवर. खड्ड्याजवळची माती आता ढेकळा-ढेकळाने सुटत होती आणि बाई पोत्यांवर पोती टाकत होत्या.

ताईंनी हँडल सोडलं. मी हळूहळू गप्प झालो. रस्ते रिकामे होते. लांब आवाज झाल्याशिवाय कुणीही बाहेर येणार नव्हतं. सहा वर्षं आम्ही त्यांना तेच शिकवलं होतं.

तेव्हा ताईंच्या मनात काय आलं ते मला कळलं, आणि मला ओरडावंसं वाटलं, नको! बाहेर काढायचा एकच आवाज आमच्याकडे उरला होता. तो म्हणजे संकट टळलं. संकट तर बांध फोडून आत येत होतं. आणि टेकडीच्या वाटेवर आबा होते. भोंगा खोटा वाजवायचा नाही, हे ज्यांनी शिकवलं ते. ताई टेकडीकडे बघत राहिल्या. मग शाळेकडे बघितलं. हे सगळं एक-दोन श्वासांत झालं असेल, मला मात्र ते फार लांब वाटलं.

"आबा, वर जात राहा हो," त्या पुटपुटल्या. "मागे वळू नका. माझं ऐकू नका."

आणि त्यांनी मला फिरवलं. एकाच वेगाने, न थांबता. माझ्या तोंडून तो लांब, सलग, गोड आवाज निघाला. पाणी उतरलं, संकट टळलं, घरी जा. आयुष्यात मी एकदाच खोटा वाजलो, आणि इतका स्वच्छ मी कधीच वाजलो नव्हतो.

तळघरांची दारं उघडली. लोक डोळे चोळत बाहेर आले. शाळेचं दार उघडलं. मुलं अंगणात आली तेव्हा रस्त्यावरून बोटभर पाणी सरकत होतं. गणिताच्या बाईंनी त्या पाण्याकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. "टाकीकडे! हात धरा, टाकीकडे!" त्या ओरडल्या, हे मला नंतर कळलं; गच्चीवरून मला टेकडीकडे वळलेला त्यांचा हात तेवढा दिसला. चव्वेचाळीस मुलं पळत सुटली. मोठ्यांनीही पाणी पाहिलं आणि तेही पळाले. ताई हँडल फिरवत राहिल्या, हाताची सालटी निघाली तरी फिरवत राहिल्या. मुलं अर्ध्या टेकडीवर पोचली आणि खाली बांध फुटला. जिथे तोफ होती, नेमका तिथेच.

पाणी आलं तेव्हा पंपघर कसंबसं टिकलं. इंजिनियर बाई आणि मजूर आमच्या गच्चीवर चढले. दुसऱ्या दिवशी होड्या आल्या.

चिमी टेकडीवर होती. आईला बघताच बिलगली आणि म्हणाली, "आई, वर यायचं होतं का? मला कुणी सांगितलंच नाही."

आबा टेकडीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी न्हावीकाका पंपघरात आले. ते टाकीपर्यंत पोचलेले होते, म्हणून वाचले. मान खाली घालून त्यांनी ताईंना सांगितलं.

"आम्ही अर्ध्या वाटेत होतो. लांब आवाज झाला. मी म्हटलं, आबा, एवढ्यात कसं पाणी उतरेल? थोडं थांबू या. तर आबा म्हणाले, 'भोंगा माझ्या पोरीच्या हातात आहे. ती खोटा वाजवणार नाही.' आणि दोघातिघांना घेऊन खाली वळले. जाताना म्हणाले, जरा घरी बघतो, चिमी शाळेतून दमून येईल."

 ताईंनी माझ्या हँडलवर डोकं टेकलं. मला रडता येत नाही, मित्रांनो. तेव्हा यायला हवं होतं.

त्या पुरात एकोणीस माणसं गेली. चौकशीही झाली, खोटा भोंगा वाजवल्याबद्दल. चौकशीवाल्यांनी ताईंना दोन तास उभं केलं. तोफेचा खड्डा कुणी खणायला लावला, हे मात्र कुणी विचारलं नाही. शेवटी गणिताच्या बाई चव्वेचाळीस मुलांची रांग घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ती चौकशी गुंडाळली गेली. मग ताईंनी एक अर्ज केला. चौकातल्या स्मारकावर आबांचं नाव कोरा. तेव्हाचे अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, ते युद्धात गेलेल्यांसाठी आहे. आबा युद्धात गेले नाहीत."

"मग कशात गेले?" ताईंनी विचारलं. अध्यक्षांनी कागद चाळायला घेतले.

पुढे बांध नव्याने बांधला गेला. गच्चीवर विजेचा भोंगा आला आणि मला इथे सभागृहात आणून ठेवलं. माझ्या छातीवर पितळी पट्टी ठोकली आहे, "युद्धकाळातील आठवण." वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, मी पुराचा भोंगा आहे!

चोवीस वर्षं गेली. चिमी आता पंपघरात ऑपरेटर आहे. आणि यंदा पुन्हा कागद यायला लागले. सीमेवर तणाव आहे म्हणे. गेल्या महिन्यात या सभागृहात एक ठराव आला की बांधाच्या देखभालीचा पैसा यंदा संरक्षण निधीला द्यावा. एकाच वर्षापुरता. मी ऐकलं आणि माझं चक्र आतल्या आत थरथरलं. ठराव वाचणारे अध्यक्ष तरुण होते. ओळखीचे होते. त्या चव्वेचाळीसांपैकी एक, चिमीच्या बाकावर बसणारे.

त्या दिवशी सभेच्या आधी ताई आल्या. केस पांढरे झालेले, हाताला जुने वण. त्यांनी माझ्यावरच्या छत्र्या काढून खाली ठेवल्या. शिपायाला वाटलं, धूळ पुसायला आल्या असतील. त्यांनी पर्समधून पक्कड काढली, तार तोडली आणि झडपेत एक नवीकोरी स्प्रिंग बसवली. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

"बांध मजबूत आहे," अध्यक्ष म्हणाले. "एक वर्ष माती टाकली नाही म्हणून काही बिघडत नाही. बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

हात वर जायला लागले. ताई उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी हँडल फिरवलं.

मी वाजलो. चोवीस वर्षांनी वाजलो, आणि तीन तुकडे वाजलो! स्वच्छ, कापल्यासारखे. शांतता. पुन्हा तीन. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. हे खोटं वाजणं नव्हतं, त्या वर गेलेल्या हातांतूनच पुढचा पूर येणार होता.

आणि तुम्हाला सांगतो, सभागृहातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी काय केलं? निम्मे टेबलाखाली शिरले. निम्मे जिन्याने खाली तळघराकडे पळाले. वर गच्चीकडे एकही गेला नाही. अध्यक्ष तर गुडघ्यांवर, कानांवर हात ठेवून, आपल्याच खुर्चीखाली होते. शहाणीसुरती माणसं ती. दुसरी वेळ असती तर मला हसू आलं असतं.

ताईंनी झडप मिटली. हळूहळू डोकी वर आली. अध्यक्ष उठले.  त्यांना ते तळघर आठवलं होतं.

"ताई," ते कसेबसे म्हणाले, "लांब वाजवा ना. लोक घाबरलेत. संपलं म्हणून सांगा."

"नाही वाजवणार," ताई म्हणाल्या. "एकदा वाजवला. त्या आवाजावर तू वर आलास आणि माझे आबा खाली गेले. तेव्हापासून मी तो वाजवलेला नाही. संपलं की नाही, ते तू बांधावर जा, हात लावून बघ, आणि मग मला येऊन सांग. मी इथेच बसलेय."

सभा तिथेच थांबली. अध्यक्ष तसेच बाहेर पडले आणि चालत बांधाकडे गेले. मागून चिमी गेली. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना चिखल होता. त्यांनी ठरावाचा कागद काढला, फाडला आणि खिशात घातला. "बांधाचे पैसे बांधालाच," एवढंच बोलले. ताईंकडे बघायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही.

पण कागद पुन्हा येतील, मित्रांनो. ते येतच राहतात, आणि "युद्ध आहे" हे वाक्य त्यांना तोंडपाठ असतं. म्हणून तुम्हाला माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात एखादा बांध असेल, दवाखान्यात एखादी दुसरी नर्स असेल, एखाद्या यंत्रात बोटाएवढी स्प्रिंग असेल. मोठी माणसं तोफेकडे बघत असतील तेव्हा तुम्ही तिकडे बघत जा. पोकळ वाजत असेल तर मोठ्याने सांगा. आणि माझ्यावर छत्र्या अडकवू नका.

माझा तो लांब आवाज अजून माझ्या पोटात आहे. एका म्हाताऱ्याने त्यावर विश्वास ठेवला होता. आता तो मला खरा वाजवायचा आहे.